इंजिन ऑइल घरी बदलायचं तर आधी कारणं समजून घ्या

गाडीची जी कामं घरी करता येतात, त्यांत इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलणं हे मला सगळ्यात आधी शिकण्यासारखं वाटतं. हत्यारं थोडी लागतात, नवीन वस्तू मोजक्या लागतात आणि सुट्टीची एक सकाळ पुरते. पायऱ्या दाखवणारे व्हिडिओ हवे तितके मिळतात. पण पायरीमागचं कारण ठाऊक नसेल, तर व्हिडिओतल्या गाडीपेक्षा आपली गाडी जरा वेगळी निघाली की माणूस तिथेच अडतो. म्हणून इथे काम सांगताना त्याचं कारणही सांगत जाणार आहे.

ऑइल नेमकं करतं काय

इंजिनातला क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा, मिनिटाला हजारो फेरे घेतो. पण ज्या बेअरिंगमध्ये तो फिरतो, त्यांना तो टेकलेला नसतो. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधल्या बारीक फटीत पंप सतत ऑइल ढकलतो, फिरणारा शाफ्ट ते ऑइल आपल्याबरोबर ओढत नेतो, आणि काही मायक्रॉन जाडीचा एक थर तयार होतो. शाफ्ट त्या थरावर तरंगत फिरतो. हा थर शाबूत आहे तोवर धातूला धातू लागत नाही आणि झीज जवळजवळ होतच नाही. टर्बो असलेल्या गाडीत तर टर्बोची दांडी मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जाते, तीही याच थराच्या भरवशावर.

थर नसतो तो गाडी सुरू होताना. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतलं ऑइल इंजिनाच्या तळच्या टाकीत, म्हणजे चेंबरमध्ये, उतरलेलं असतं. पंप ते पुन्हा वर पोचवेपर्यंत क्षणभर धातू धातूला घासतो. त्या क्षणी इंजिनाला वाचवतात ती ऑइलमध्ये मिसळलेली रसायनं. जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक संयुग धातूवर पातळ लेप चढवून ठेवतं. दुसरी रसायनं काजळी ऑइलमध्ये तरंगत ठेवतात, म्हणजे ती कुठे साचून गाळ होत नाही. तिसरी रसायनं इंधन जळताना तयार होणारं आम्ल मारतात. ऑइल जुनं होतं म्हणजे मुख्यतः ही रसायनं संपत जातात. मूळ तेलही उष्णतेने आणि हवेने हळूहळू बिघडतं, पण आधी दम सोडतात ती रसायनं.

इथे शहरात गाडी वापरणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यायला हवं. घरापासून स्टेशनपर्यंत, स्टेशनपासून घरी, असा दोन-तीन किलोमीटरचाच वापर असेल तर ऑइल पुरतं तापतच नाही. इंधन जळताना तयार होणारी वाफ इंजिनात थंड होऊन तिचं पाणी होतं. लांब प्रवासात ऑइल तापून ते पाणी उडून जातं, छोट्या फेऱ्यांत ते तिथेच राहतं. न जळलेलं पेट्रोलही थोडं थोडं ऑइलमध्ये उतरतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात ऑइलचं झाकण उघडल्यावर आतून पांढरट, लोण्यासारखा थर दिसतो, तो बहुतेक वेळा या पाण्याचाच असतो. (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवरही तसाच दुधाळ रंग दिसला आणि कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी, कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारं इंजिनातलं पॅकिंग, तपासून घ्या.) ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असं मॅन्युअलमध्ये लिहितात, त्यातलं वर्ष या पाण्या-आम्लासाठी असतं. वर्षभरात गाडी तीन हजारच चालली, म्हणून ऑइल अजून नवंच आहे, हा हिशेब चुकीचा आहे.

रंगावरून तर काहीच ठरवू नका. डिझेल गाडीत नवीन ऑइल काहीशे किलोमीटरांत काळं पडतं, कारण काजळी धरून ठेवायचं आपलं काम ते करत असतं. उलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत काजळी फार कमी होते आणि ऑइल बरेच दिवस सोनेरी दिसतं. ते पाहून पुष्कळ जण बदल पुढे ढकलतात. पण गॅसवर इंजिन जास्त तापतं, आणि रंग न बदलताही ऑइल आतून खराब होत जातं. सीएनजीवाल्यांनी रंग विसरावा आणि किलोमीटर व तारीख पाहावी.

डब्यावरचे आकडे

ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असं काहीतरी छापलेलं असतं. हे अमेरिकेतल्या एसएई या संस्थेचं वर्गीकरण आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला: ५डब्ल्यू म्हणजे उणे ३० अंशांतही इंजिन सुरू होताना अडू नये इतकं पातळ, ०डब्ल्यू म्हणजे उणे ३५ अंशांत. डब्ल्यूनंतरचा आकडा १०० अंशांतल्या दाटपणाचा. २० पेक्षा ३० दाट, ३० पेक्षा ४० दाट.

साधं तेल थंडीत काकवीसारखं घट्ट होतं आणि तापलं की पाण्यासारखं पळतं. म्हणून ऑइलमध्ये लांब साखळीचे रेणू मिसळतात. थंडीत ते गुंडाळी करून बसतात, तापले की पसरतात आणि ऑइलला फार पातळ होऊ देत नाहीत. त्यामुळे एकाच ऑइलवर दोन आकडे येतात. वापरात हे रेणू तुटतात आणि ऑइल तापल्यावर हवं त्यापेक्षा पातळ राहायला लागतं.

आता एक सल्ला तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल: ‘आपल्याकडे ऊन फार, हे पातळ ऑइल इथे टिकत नाही, २०डब्ल्यू-५० घाला.’ नागपूरला मे महिन्यात पारा ४५ वर जातो हे खरं. पण थर्मोस्टॅट आणि रेडिएटर इंजिनाचं तापमान ठरलेल्या पट्ट्यात धरून ठेवतात. चालत्या इंजिनातलं ऑइल साधारण ९० ते ११० अंशांवर असतं, मग बाहेर नागपूर असो की महाबळेश्वर. कंपनीने बेअरिंगची फट, पंपाची ताकद आणि इंजिनातली चेन ताणून धरणारा भाग एका ठरावीक दाटपणासाठी बनवलेला असतो. त्याहून फार दाट ऑइल घातलं तर थंड इंजिनात ते वर पोचायला उशीर लागतो, आणि झीज होते ती नेमकी त्याच वेळी. इंधनही जास्त जातं. मॅन्युअलमध्ये एकाहून जास्त ग्रेड दिलेले असतील तर त्यांतला निवडा. नसतील तर जो दिलाय तोच घ्या. मेस्त्रींचा अनुभव मोठा असतो, पण आजच्या इंजिनाबद्दल मॅन्युअलचा शब्द शेवटचा.

ग्रेडइतकंच डब्यावरचं मानकही महत्त्वाचं. पेट्रोल गाड्यांसाठी एपीआय या अमेरिकी संस्थेची अक्षरं पाहा. एसएन हे २०१० चं, एसपी २०२० चं. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी फेऱ्यांवर जोर पडला की इंधन अवेळी पेटून पिस्टनला इजा होऊ शकते, आणि एसपी आणताना त्यावर मुद्दाम लक्ष दिलेलं आहे. नव्या अक्षरांचं ऑइल जुन्या पेट्रोल गाडीला सहसा चालतं, जुन्या अक्षरांचं नव्या गाडीला चालेलच असं नाही. डिझेलमध्ये १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचं मानक) गाड्यांना धुरातली काजळी पकडणारा डीपीएफ हा फिल्टर असतो. ऑइल जळून उरणारी राख त्यात कायमची साचते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. जुन्या डिझेलसाठी आणलेला डबा घरात उरलाय म्हणून तो बीएस-६ गाडीत ओतू नका. डीपीएफ बदलायची वेळ आली तर खर्च फार मोठा असतो.

किती आणायचं? लहान पेट्रोल हॅचबॅकला फिल्टरसकट तीन ते साडेतीन लिटर, मोठ्या डिझेल गाड्यांना पाच ते सात. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

गाडीखाली जाण्याआधी

या सगळ्या कामात जिवाला धोका असलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे गाडीखाली जाणं. गाडीबरोबर मिळणारा जॅक हा पंक्चर चाक बदलण्यापुरता असतो. फक्त त्याच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली डोकं, छाती, हात, काहीही घालायचं नाही, अगदी क्षणभरसुद्धा नाही. गाडी सपाट आणि टणक जागेवर हवी. सोसायटीच्या पार्किंगचा उतार किंवा पेव्हर ब्लॉकची डुगडुगणारी जमीन चालणार नाही. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, हँडब्रेक, पहिला गिअर. मग पुढून गाडी उचलून दोन्ही बाजूंच्या ठरलेल्या जागांखाली जॅक स्टँड. त्यावर गाडी उतरवल्यावर बाजूने हलवून पाहायची, आणि मगच खाली जायचं. चाकं चढवायचे मजबूत रॅम्प मिळाले तर आणखी चांगलं. उंच एसयूव्हीमध्ये कधी कधी गाडी न उचलताही हात पोचतो.

खाली जायचंच नसेल तर ऑइलच्या पट्टीच्या नळीतून ऑइल वर ओढून घेणारा हातपंप मिळतो. काही गाड्यांत फिल्टरही वरूनच निघतो, त्यांचं काम उभ्या उभ्या होतं.

सामान जमवून ठेवा: ऑइल, फिल्टर, ड्रेन बोल्टचा नवीन वायसर, बोल्टच्या मापाचा रिंग पाना किंवा सॉकेट, टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा), फिल्टर सोडवायचा पाना, पसरट ट्रे, नरसाळं, फडकी आणि नायट्राइलचे हातमोजे. हातमोजे टाळू नका. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली घातक संयुगं असतात आणि ती वारंवार कातडीला लागणं वाईट. गाडी वॉरंटीत असेल तर हे काम आत्ता घरी करू नका. अधिकृत वर्कशॉपची नोंद नसली की पुढे इंजिनाच्या दाव्यावर वाद होऊ शकतो.

जुनं ऑइल काढताना

आधी इंजिन चार-पाच मिनिटं चालवा आणि बंद करून दहा मिनिटं थांबा. कोमट ऑइल सहज वाहतं आणि तळाची घाण सोबत घेऊन येतं. लांबून आलेल्या गाडीचं ऑइल लगेच काढायला गेलात तर हात भाजेल. मग बॉनेट उघडून ऑइल भरायचं झाकण सैल करा, म्हणजे वरून हवा जाते आणि खालून धार एकसारखी पडते.

आता बोल्ट ओळखायचा, आणि इथे घाई नको. गाडीखाली झोपल्यावर इंजिनाचा चेंबर आणि गिअरबॉक्स शेजारी शेजारी दिसतात, आणि दोन्हींना तळाशी बोल्ट असतो. चुकून गिअरबॉक्सचा बोल्ट उघडला, त्याचं ऑइल सांडलं, आणि वरून इंजिनात नवं ऑइल भरलं, तर इंजिनात दुप्पट आणि गिअरबॉक्स कोरडा. हा घोटाळा जगभर होत असतो. खूण सोपी आहे: इंजिनाचं जुनं ऑइल बहुधा काळं किंवा गडद तपकिरी असतं. लालसर किंवा स्वच्छ पिवळं काही आलं तर तिथेच थांबा. सीएनजी गाडीत मात्र ही खूण फसवू शकते, म्हणून आधी मॅन्युअलमधलं चित्र पाहूनच बोल्ट निवडा.

बोल्ट सोडवताना त्याच्या डोक्याकडे तोंड करून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. पाठीवर झोपून वर हात करताना दिशा भल्याभल्यांची चुकते, म्हणून मनाशी एकदा पक्की करा. उघड्या तोंडाचा पाना वापरू नका, त्याने बोल्टचे कोपरे गोल होतात. बोल्ट सैल झाल्यावर शेवटचे आटे हाताने सोडवा, आणि सोडवताना बोल्ट वर दाबून धरा, म्हणजे तो एकदम बाजूला घेता येतो. ऑइल आधी लांब तिरकी धार धरतं आणि कमी होत गेलं की सरळ खाली पडायला लागतं. ट्रे त्याप्रमाणे सरकवावा लागतो.

धार थेंबांवर येईपर्यंत ट्रेकडे पाहा. ऑइलमध्ये चमचमणारे धातूचे कण दिसतायत का? दुधाळ झाक आहे? पेट्रोलचा उग्र वास येतोय? घरी काम करण्याचा खरा फायदा मला हाच वाटतो. वर्कशॉपमध्ये हे ऑइल पिंपात जातं आणि कोणी बघत नाही. आपल्या इंजिनाबद्दल वर्षातून एकदा मिळणारी ही खबर आपल्यापर्यंत पोचावी.

बोल्ट परत लावताना वायसर नवीनच हवा. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा हा मऊ वायसर दाबून चपटा होतो आणि त्यामुळेच गळती थांबते. एकदा चपटा झालेला दुसऱ्यांदा तितकं काम करत नाही. आणि बोल्ट आवळताना ताकद दाखवू नका. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर जास्त जोराने त्याचे आटे जातात, मग चेंबर बदलावाही लागू शकतो. लहान गाड्यांत हा टॉर्क साधारण ३० ते ४५ न्यूटन-मीटर असतो, आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. घरी टॉर्क पाना असावा तो या एका बोल्टसाठी.

फिल्टर

बहुतेक पेट्रोल गाड्यांत फिल्टर म्हणजे बाहेरून दिसणारा धातूचा डबा. आत घड्या घातलेला कागद असतो, आणि ऑइल त्यातून गाळून पुढे जातं. डब्यात आणखी दोन भाग असतात, त्यांच्यामुळे चांगला फिल्टर महाग पडतो. एक रबरी झडप, जी इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल परत खाली जाऊ देत नाही. त्यामुळे सकाळी इंजिनाला ऑइल लवकर मिळतं. दुसरी, आडवाटेची झडप. कागद चोंदला किंवा थंडीत ऑइल फार घट्ट झालं, तर ती उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जाऊ देते, कारण न गाळलेलं ऑइल चालतं, ऑइलच नसणं चालत नाही. बनावट फिल्टरमध्ये या झडपांचीच काटछाट होते. बाहेरून ते कळत नाही. म्हणून फिल्टर ओळखीच्या किंवा अधिकृत दुकानातूनच घ्या.

जुना फिल्टर काढला की त्याची रबरी रिंग त्याच्याबरोबर आली का, ते बघा. कधी कधी ती इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवीन फिल्टर बसवला तर रिंगवर रिंग येते, वरवर सगळं घट्ट वाटतं, आणि इंजिन सुरू होताच दाबाने ऑइल बाहेर उडतं. काही मिनिटांत चेंबर रिकामा होऊ शकतो. बोटाने ती जागा फिरून तपासा, कपड्याने पुसा.

नवीन फिल्टरच्या रिंगला बोटाने नवं ऑइल लावा. कोरडी रिंग बसताना मुरगळते, आणि पुढच्या वेळी निघतही नाही. मग फिल्टर हातानेच आवळा: रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा, किंवा डब्यावर लिहिलंय तितका. पाना फक्त सोडवायला. काही गाड्यांत डब्याऐवजी फक्त कागदी कार्ट्रिज असतं, ते प्लास्टिकच्या टोपीत बसतं. तिथे टोपीची ओ-रिंग बदलायची आणि टोपीवर छापलेला टॉर्क पाळायचा.

भरणं आणि पहिली सुरुवात

मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, गाडी सपाट जमिनीवर आणा, काही मिनिटं थांबून पट्टी बघा आणि मग थोडं थोडं वाढवा. पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणांमध्ये पुष्कळ गाड्यांत एक लिटरच्या आसपास फरक असतो, त्यामुळे एकदम ओतलं की सहज वर जातं. ऑइल जास्त झालेलं बरं, असं समजू नका. पातळी फार वाढली तर फिरणारा क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो, पंप फेसातली हवा ओढतो, आणि ज्या थरावर शाफ्ट तरंगायचा तोच तुटतो. जास्त झालं तर काढून टाका.

इंजिन सुरू केल्यावर ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. फिल्टर रिकामा आहे, तो भरेपर्यंत बेअरिंगपर्यंत दाब पोचत नाही. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा. विझला तर मिनिटभर चालू ठेवून बोल्ट आणि फिल्टरभोवती टॉर्चने पाहा. बंद करा, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा पट्टी बघा. फिल्टरमध्ये ऑइल गेल्याने पातळी थोडी उतरलेली असेल, तेवढी भरा. दुसऱ्या दिवशी गाडीखालची जमीन बघा, आणि पहिल्या आठवड्यात एकदा पट्टी. तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि फिल्टरचा नंबर वहीत लिहून ठेवा, बिलंही जपा.

जळकं ऑइल

ट्रेमधलं ऑइल कुठे जाणार, हे काम सुरू करण्याआधीच ठरवा. आपल्याकडे जळकं ऑइल खपतं. सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात, रस्त्यावर धूळ बसावी म्हणून शिंपडतातही. हे सगळं मातीत आणि विहिरीत उतरतं. एका ऑइल बदलातलं ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे जवळजवळ ३८ लाख लिटर गोडं पाणी दूषित करू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते. आपल्या देशातही २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्यांवर त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी आली आहे. हे ऑइल शुद्ध करून पुन्हा वापरता येतं, फक्त ते योग्य ठिकाणी पोचायला हवं.

फिल्टर ट्रेवर उलटा करून रात्रभर निथळू द्या. ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यात पाणी, कूलंट किंवा ब्रेक ऑइल मिसळू देऊ नका, नाही तर ते शुद्धीकरणाला निरुपयोगी ठरतं. मग जे वर्कशॉप आपलं जुनं ऑइल अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांना देतं, तिथे नेऊन द्या. विचारलं तर बहुतेक जण घेतात. जमिनीवर सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाका, तासाभराने झाडून तोही ऑइलच्या फडक्यांबरोबर वेगळ्या पिशवीत बांधा. आणि नव्या ऑइलचा रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडा, लेबल फाडा. चांगल्या कंपनीचे अखंड डबे भलतं ऑइल भरून पुन्हा बाजारात येतात.